घराची दुरुस्ती आणि सिटीचे परमिट : काय लागते, काय नाही



पाडव्याच्या कार्यक्रमात जेवणाच्या रांगेत उभे असताना आम्हाला एक प्रश्न हमखास विचारला जातो. "अहो, बेसमेंटमध्ये एक बाथरूम काढायची आहे. परमिट लागतं का हो?" विचारणाऱ्याला उत्तर "नाही" असे हवे असते, हे चेहऱ्यावरून कळते. आम्हाला विचारतात ते आम्ही यातले तज्ज्ञ आहोत म्हणून नव्हे, तर यात चांगले पोळलो आहोत म्हणून. एकेकाला रांगेत सांगण्यापेक्षा सगळे एकदाच लिहून काढावे, असे ठरवून हा लेख लिहीत आहोत.

आधी आमची हकीकत

आम्ही दोघेही इंजिनिअर, दोघेही सॉफ्टवेअरमध्ये. न्यूटन भागात १९८०च्या दशकात बांधलेले घर घेतले. जाहिरातीत बेसमेंटचे वर्णन 'मॉर्गेज हेल्पर' असे होते : एक बेडरूम, बाथरूम, छोटे स्वयंपाकघर. काही वर्षांनी आई-बाबा सहा महिन्यांसाठी येणार म्हणून त्यांची सोय खाली करायचे ठरले. आईच्या गुडघ्यांमुळे टब काढून तिथे सहज आत जाता येईल असा शॉवर करायचा, एवढेच काम होते. कंत्राटदार म्हणाला, "परमिट कशाला? सगळे असेच करतात." आम्हीही मान डोलावली.

त्याने टबामागची ड्रायवॉल उघडली आणि आत काळीकुट्ट बुरशी. बाथरूमच्या पंख्याची नळी घराबाहेर नेलेलीच नव्हती. ती छताच्या जॉइस्टमध्ये मोकळी सोडली होती, म्हणजे इतकी वर्षे सगळी वाफ लाकडात मुरत होती. त्याच भिंतीत वायरींचा एक जोड, डब्याविना, नुसती टेप गुंडाळलेला. आम्ही एका इलेक्ट्रिशियनला बोलावले. त्याने टॉर्च मारून पाहिले आणि परमिटशिवाय हात लावायला नकार दिला. (त्या वेळी राग आला होता. आता त्याचाच फोन नंबर सगळ्यांना देतो.)

मग आम्ही सिटीकडून घराच्या मंजूर नकाशांची प्रत मागवली. घरमालकाला ती फी भरून मिळते. नकाशात आमचे बेसमेंट म्हणजे एक मोठी रिकामी खोली. बेडरूम नाही, बाथरूम नाही, स्वयंपाकघर तर नाहीच. आधीच्या कुणा मालकाने ते सगळे परमिट न घेता केले होते आणि विकत घेतल्या दिवसापासून ते आमचे झाले होते.

आई-बाबा जूनमध्ये आले. बेसमेंट ऑक्टोबरमध्ये पूर्ण झाले. मधले चार महिने ते आमच्या खोलीत आणि आम्ही हॉलमधल्या सोफा-बेडवर. खर्च मूळ अंदाजाच्या तिपटीच्या जवळ गेला. असो.

इथल्या भिंतीत काय असते

आपल्यापैकी बहुतेकजण सिमेंट-काँक्रीटच्या घरांत वाढलो. पुण्यातल्या किंवा ठाण्यातल्या फ्लॅटमध्ये भार पेलतात ते कॉलम आणि बीम, मधल्या विटांच्या भिंती बहुधा नुसत्या आडोशाला असतात. त्यामुळे "ही भिंत पाडून हॉल मोठा करू" हे वाक्य आपल्या तोंडून सहज निघते. इथले घर लाकडी सांगाड्याचे. भिंतीतल्या उभ्या लाकडी पट्ट्या, म्हणजे स्टड, वरच्या मजल्याचा आणि छपराचा भार खाली पायापर्यंत नेतात. वरचे जॉइस्ट ज्या भिंतीवर टेकले आहेत ती भिंत काढायची तर तिच्या जागी नीट हिशेब करून बीम घालावा लागतो आणि त्या बीमच्या दोन्ही टोकांखालचा भार पायापर्यंत पोचवावा लागतो. हे काम ब्रिटिश कोलंबियात नोंदणी असलेल्या स्ट्रक्चरल इंजिनिअरचे. आमच्यासारखी संगणकाची पदवी इथे उपयोगाची नाही.

दुसरी गोष्ट भूकंपाची. कोयनेचा १९६७ चा आणि किल्लारीचा १९९३ चा भूकंप आपल्या घरांत अजून निघतो. आपण आता राहतो ती जागा कॅस्केडिया भ्रंशाच्या टापूत आहे. तिथला शेवटचा महाभूकंप २६ जानेवारी १७०० रोजी झाला. घर आडवे हलते तेव्हा प्लायवूड ठोकलेल्या काही भिंती त्याला तिरपे होऊ देत नाहीत. बाहेरून त्या इतर भिंतींसारख्याच दिसतात. अशा भिंतीत मोठे सरकते दार बसवण्यापूर्वी कुणीतरी विचारायला हवे की ती भिंत तिथे का होती. परमिटचा अर्ज म्हणजे मुख्यत: हा प्रश्न विचारायची सक्ती.

आणि तिसरी गोष्ट आमच्या अनुभवातली. ड्रायवॉल लावून रंग दिला की आतले काम कुणालाच दिसत नाही. वायर, पाण्याच्या नळ्या, सांडपाण्याचा व्हेंट, इन्सुलेशन, सगळे झाकले जाते. म्हणून सिटीचा इन्स्पेक्टर ड्रायवॉल लागण्याआधी येतो. आमच्या धंद्यात सांगायचे तर कुणीही न तपासलेला कोड थेट प्रॉडक्शनमध्ये टाकण्यासारखे हे आहे. फरक इतकाच की इथे रोलबॅक करायला हातोडा लागतो.

मग परमिट कशाला लागते?

रंगरंगोटी, नवीन फ्लोअरिंग, किचन कॅबिनेट जागच्या जागी बदलणे, जुना नळ किंवा कमोड काढून तिथेच नवा बसवणे, छपरावरची शिंगल्स तशाच प्रकारची नवी घालणे, अशा कामांना साधारणपणे बिल्डिंग परमिट लागत नाही. कुंपणालाही सहसा नाही, पण त्याच्या उंचीला झोनिंगची मर्यादा आहे आणि ती घरापुढे कमी, मागे जास्त असते.

भिंत हलवली, नवी खिडकी किंवा दार पाडले, घर वाढवले, बेसमेंट किंवा गॅरेज राहण्याजोगे केले, डेक बांधला किंवा असलेल्या डेकवर छप्पर घातले, तर परमिट लागते. सिंक किंवा शॉवरची जागा बदलली, नवी बाथरूम काढली, की प्लंबिंगचे परमिट लागते. नवे सर्किट, नवा पॅनेल, विजेच्या गाडीचा चार्जर यांना इलेक्ट्रिकल परमिट. प्रांताच्या बहुतेक भागांत विजेचे परमिट टेक्निकल सेफ्टी बीसी ही संस्था देते, सरेमध्ये मात्र ते सिटीच देते. इतर शहरांतल्या मित्रांचा सल्ला ऐकताना हे लक्षात ठेवा. गॅसच्या लाइनचे परमिट वेगळे असते. ते काम परवानाधारक गॅस फिटरकडूनच करून घ्यावे, शेजारच्या हौशी काकांकडून नाही.

यात आपल्या लोकांचे खास लाडके प्रकरण म्हणजे स्पाईस किचन. फोडणीचा वास घरभर नको म्हणून गॅरेजजवळच्या कोपऱ्यात दुसरा गॅस. नव्या घरांत हे मूळ नकाशातच असते आणि त्याला काही हरकत नसते. जुन्या घरात नंतर करायचे झाले की गॅस, वीज, पाणी आणि बाहेर हवा फेकणारा हूड अशी चारही कामे एकदम निघतात. जोरदार हूड घरातली हवा ओढून घेतो, तेव्हा तेवढी हवा बाहेरून आत यायची सोयही पाहावी लागते, नाहीतर गॅसवरच्या जुन्या वॉटर हीटरचा धूर उलटा घरात यायची भीती असते. "फक्त एक शेगडी" अशी ती गोष्ट नाही.

बागेतल्या शेडचे विचारतात. १० चौरस मीटरपेक्षा, म्हणजे सुमारे १०७ चौरस फुटांपेक्षा लहान साध्या शेडला परमिट लागत नाही, पण ती हद्दीपासून किती अंतरावर असावी याचे नियम तिलाही लागू असतात. डेकचे एक माप मात्र सगळ्यांनी पाठ करावे : जमिनीपासून ६०० मिलिमीटरपेक्षा, म्हणजे साधारण दोन फुटांपेक्षा, उंच असलेल्या डेकला कठडा हवाच. एका कुटुंबाच्या घराचा डेक १.८ मीटरपर्यंत उंच असेल तर कठडा किमान ९०० मिलिमीटर, त्याहून उंच असेल तर १०७० मिलिमीटर. नातवंडे डेकवर धावतात, म्हणून हे अक्षरश: मोजून घ्या.

झाडाचे तर कुणाच्या मनातही येत नाही. सरेच्या २००६ च्या वृक्षसंरक्षण पोटनियमानुसार बुंध्याचा व्यास ३० सेंटिमीटर किंवा जास्त असलेले झाड आपल्या आवारातले असले तरी परवानगीशिवाय तोडता येत नाही. खोली वाढवायची म्हणून आधी सीडर आडवा केला आणि मग नकाशा घेऊन सिटीकडे गेलो, असे करू नका.

बेसमेंट, स्वीट आणि आई-बाबा

'स्वीट' म्हणजे इथे गोड काही नव्हे, स्वतंत्र स्वयंपाकघर आणि बाथरूम असलेले घरातले वेगळे बिऱ्हाड. सरेमध्ये २०१०च्या अखेरीस सर्व एककुटुंबी झोनमध्ये एक सेकंडरी स्वीट करायला मुभा मिळाली. पुढे प्रांताच्या २०२३ च्या कायद्यामुळे शहरांना एका प्लॉटवर तीन-चार, आणि वारंवार बस असलेल्या मार्गांजवळ सहापर्यंत घरे होऊ देणे भाग पडले. सरेने त्यानुसार २०२४ मध्ये आपले झोनिंग बदलले. तेव्हापासून "आता चार घरं चालतात म्हणे, मग स्वीटला परमिट कशाला?" असा युक्तिवाद ऐकू येतो. हा घोटाळा नीट समजून घ्या. झोनिंग म्हणजे या जागेवर काय असू शकते. बिल्डिंग परमिट म्हणजे ते कसे बांधले आहे. पहिल्याने होकार दिला म्हणून दुसरे माफ होत नाही.

तसेच सिटीच्या वार्षिक बिलात 'सेकंडरी स्वीट'ची फी भरतो म्हणून स्वीट मंजूर आहे असेही समजू नका. ती पाणी-कचरा अशा सोयींची फी आहे, आणि बांधकाम मंजूर असणे ही वेगळी गोष्ट आहे. आमची स्वत:ची समजूत नेमकी इथेच चुकली होती. आधीचे मालक ती फी इमाने-इतबारे भरत होते!

स्वयंपाकघर नसेल आणि खोली आपल्याच माणसांसाठी असेल तर तो स्वीट नाही. परमिट मात्र तरीही लागते. आणि त्यात सर्वांत महत्त्वाची आहे ती खिडकी. झोपायच्या खोलीच्या खिडकीतून आग लागल्यास बाहेर पडता आले पाहिजे. कोडप्रमाणे उघडी जागा किमान ०.३५ चौरस मीटर हवी आणि कोणतीही बाजू ३८० मिलिमीटरपेक्षा, म्हणजे साधारण १५ इंचांपेक्षा, कमी नको. मोजायची ती काच नाही, खिडकी पूर्ण उघडल्यावर उरणारी मोकळी जागा. आमच्या बेसमेंटची खिडकी छताजवळची, वरून बिजागरी असलेली, वीतभर उघडणारी होती. तिच्या आत आम्ही सत्तरीतल्या आई-बाबांना झोपवणार होतो. काँक्रीटची भिंत कापून नवी खिडकी बसवणे हा आमच्या बिलातला मोठा आकडा होता आणि त्याबद्दल आम्ही कधीच कुरकुर केली नाही.

स्वीट असेल तर वरच्या आणि खालच्या घरामध्ये आग रोखणारे छत-भिंती आणि एकमेकांना जोडलेले स्मोक अलार्म, असे आणखी नियम येतात. भाडेकरू आपल्या देशातला नुकता आलेला विद्यार्थी असतो, त्याला यातले काही माहीत नसते आणि विचारायची त्याची हिंमतही नसते. त्याच्या आई-वडिलांनी त्याला आपल्या भरवशावर पाठवलेले असते.

पैशाच्या बाजूने एक माहिती : २०२३ पासून केंद्र सरकारची बहुपिढी-घर नूतनीकरणाची करसवलत आहे. ६५ वर्षांवरील नातलगाने घरात राहावे म्हणून स्वतंत्र बिऱ्हाड तयार केले तर ५०,००० डॉलरपर्यंतचा खर्च त्यात धरता येतो. पण ते बिऱ्हाड स्थानिक नियमांत बसणारे असावे लागते. सुपर व्हिसावर येणाऱ्या आई-वडिलांना ती लागू पडेल की नाही, हे अकाउंटंटला विचारूनच ठरवा.

टाऊनहाऊसमध्ये राहणाऱ्यांसाठी

क्लेटन, फ्लीटवूड भागांत आपली बरीच मंडळी स्ट्राटाच्या टाऊनहाऊसमध्ये आहेत. त्यांना दोन दारे ठोठवावी लागतात. इमारतीचा सांगाडा, बाहेरची बाजू, दारे-खिडक्या, डेक, सामाईक नळ यांना हात लागणार असेल तर स्ट्राटाची लेखी परवानगी लागते. (आपल्या सोसायटीच्या सेक्रेटरींची आठवण होईल, पण इथे तोंडी "करा हो" चालत नाही.) स्ट्राटाने होकार दिला तरी सिटीचे परमिट वेगळे, आणि सिटीने दिले तरी स्ट्राटाचा होकार वेगळा.

अर्ज कसा होतो

सरे सेंट्रल स्कायट्रेनजवळचे सिटी हॉल आपल्या ओळखीचे आहे, पण घरगुती कामांचे बरेचसे अर्ज आता ऑनलाइन होतात. आपल्या प्लॉटच्या हद्दी पाहायला सिटीचा 'कॉसमॉस' हा नकाशा सर्वांना खुला आहे. अर्जासोबत प्लॉटचा आणि मजल्याचा आराखडा जोडावा लागतो. सध्याचे आणि नंतरचे असे दोन्ही द्या, नाहीतर अर्ज परत येतो. आमचा आला.

परमिट मिळाले की टप्प्याटप्प्याने तपासणी : सांगाडा, भिंतीतले प्लंबिंग, वायरिंग, इन्सुलेशन आणि बाष्परोधक पडदा, शेवटी अंतिम. प्रत्येक टप्प्याला तपासणीची वेळ आपण किंवा कंत्राटदाराने मागायची असते. अंतिम तपासणी न झालेले परमिट म्हणजे अर्धवट काम. घरे विकताना अशी उघडी राहिलेली परमिटे नेमकी वर येतात.

घर १९९० पूर्वीचे असेल तर काहीही उघडण्याआधी ॲस्बेस्टॉसची चाचणी करून घ्या. जुन्या विनाइल फरशीत, छताच्या खरखरीत लेपात, ड्रायवॉलच्या सांध्यांतल्या लेपात ते असू शकते. आमच्या जिन्याजवळच्या सांध्यांत निघाले. ते काढणाऱ्या कंत्राटदाराकडे १ जानेवारी २०२४ पासून प्रांताचा परवाना असणे सक्तीचे आहे.

कंत्राटदाराकडून सिटीचे बिझनेस लायसन्स आणि वर्कसेफबीसीचे क्लिअरन्स लेटर मागा. मागितल्यावर जो रागावतो त्याला चहा पाजून निरोप द्या. आणि "परमिटची भानगड माझ्यावर सोडा" म्हणाला तरी परमिटचा नंबर स्वत: बघा, कारण जबाबदारी शेवटी मालकाची.

घर घेताना

मुंबईच्या वरळीतले कॅम्पा कोला प्रकरण आठवत असेल. १९८०च्या दशकात पाच मजल्यांची परवानगी असताना बिल्डरांनी त्यावर बरेच मजले चढवले. लोकांनी तिथे पैसे मोजून फ्लॅट घेतले, संसार केले. २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते मजले पाडायला सांगितले आणि जून २०१४ मध्ये महापालिकेने रहिवाशांचे वीज-पाणी तोडले. चूक बिल्डरची, पण दारात उभे राहायची वेळ रहिवाशांवर आली.

इथे एवढे नाट्य सहसा घडत नाही, पण तत्त्व तेच : बेकायदा काम घराबरोबर नव्या मालकाकडे येते. ब्रिटिश कोलंबियाच्या कम्युनिटी चार्टर या कायद्याच्या कलम ५७ नुसार बांधकाम नियम मोडले असतील तर मालकाचे म्हणणे ऐकून नगर परिषद घराच्या टायटलवरच तशी नोंद टाकू शकते. ती नोंद बँकेला दिसते, पुढच्या खरेदीदाराला दिसते. काम नियमात आणल्यावर ती काढता येते.

म्हणून ऑफर देण्याआधी विक्रेत्याचे प्रॉपर्टी डिस्क्लोजर स्टेटमेंट नीट वाचा. परमिटशिवाय काही वाढवले-बदलले आहे का, असा थेट प्रश्न त्यात असतो. टायटल सर्च करून घ्या. विक्रेत्याच्या संमतीने सिटीकडचे मंजूर नकाशे मागवा आणि ते हातात धरून घरभर फिरा. नकाशात नसलेली बाथरूम दिसली की तिथेच भाव आणि अटी बोला. आम्ही हे केले नाही. होम इन्स्पेक्टर आणला होता, पण त्याला भिंतीच्या आतले दिसत नाही आणि तो परमिटे तपासत नाही, हे आम्हाला नंतर कळले.

आधीच करून ठेवले असेल तर?

हा प्रश्न लोक रांगेत विचारत नाहीत, नंतर पार्किंगमध्ये गाठून हळूच विचारतात. उत्तर असे : सिटीकडे स्वत:हून जाता येते. झालेल्या कामासाठीही परमिटचा अर्ज करता येतो. फी जास्त पडू शकते, काही ठिकाणी ड्रायवॉल उघडून दाखवावी लागते, आणि जे नियमात बसत नाही ते बदलावे किंवा काढावे लागते. शेजाऱ्याच्या तक्रारीवरून इन्स्पेक्टर आला आणि दारावर काम थांबवण्याची नोटीस चिकटली, तर याच गोष्टी कराव्या लागतात, फक्त तारीख आपल्या हातात राहत नाही. सुरुवात नकाशांची प्रत मागवण्यापासून करा, मग इलेक्ट्रिशियन, मग प्लंबर. आणि तोवर त्या खोलीत कुणाला झोपवू नका.

आमच्या अंतिम तपासणीच्या दिवशी बाबा सकाळपासून तयार होऊन बसले होते. ते स्वत: सार्वजनिक बांधकाम खात्यातून निवृत्त झालेले. इन्स्पेक्टर बाई आल्या, खिडकी उघडून टेप लावला, अलार्मचे बटण दाबले, पंख्याची हवा बाहेर जाते का हे अंगणात जाऊन पाहिले. बाबांनी चहा विचारला. त्यांनी हसून नको म्हटले आणि पुढच्या घराकडे गेल्या. त्याच रात्री आई-बाबा खाली झोपायला गेले.